माणसं वजा केलेली बेटं

सिल्लोड तालुक्यात कुठंही विहीर खणायला घेतली की काळ्या मातीखाली मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा पाषाण. अजिंठ्याची डोंगररांग याच पाषाणाची, आणि लेणी कोरली तीही यातच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस थरावर थर पसरत गेला आणि दख्खनचं पठार तयार झालं. तो रस जिथून वर आला, ते पृथ्वीच्या पोटातलं तप्त ठिकाण आज आपल्या खाली नाही. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत राहिला आणि त्या ठिकाणानं मागे समुद्रतळावर ज्वालामुखींची लांब रांग उठवली. आधी लक्षद्वीप, मग मालदीव, मग चागोस, बऱ्याच काळानं मॉरिशस आणि सगळ्यांत शेवटी रियुनियन, जिथला ज्वालामुखी अजूनही धगधगतो. १९८७ साली समुद्रतळाला छिद्रं पाडून काढलेल्या नमुन्यांनी हे पक्कं केलं. दक्षिणेकडे जावं तसं खडकाचं वय उतरत जातं. चागोसच्या पोटातला खडक साधारण पाच कोटी वर्षांचा आहे. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या आपल्या मुलुखाचं त्या बेटांशी नातं आहे ते असं, जमिनीखालून.

चागोसची ओळख नकाशात आणि सरकारी माहितीपत्रांत 'कायमची वस्ती नसलेला प्रदेश' अशी दिली जाते. हे वर्णन भूगोलाचं वाटतं, पण ते भूगोलातून आलेलं नाही. ही बेटं लष्करी तळासाठी रिकामी करण्यात आली, रिकामी ठेवण्यासाठी कायदे केले गेले, आणि मग त्या रिकामेपणाचाच आधार घेऊन पुढचा सगळा कारभार चालला. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात या बेटांच्या सार्वभौमत्वाचा करार झाला, म्हणून हा सगळा प्रश्न एकदा मुळापासून पाहणं गरजेचं आहे.

आधी जागा पाहू. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण पाच ते साडेसात अंशांच्या दरम्यान, मालदीवच्या खाली सुमारे ५०० किलोमीटरवर हा द्वीपसमूह आहे. कन्याकुमारीपासून डिएगो गार्सिया हे त्यातलं सगळ्यांत मोठं बेट सुमारे १,८०० किलोमीटर पडतं, तर मॉरिशसपासून २,००० किलोमीटरहून जास्त. ज्या देशाचा हक्क सांगितला जातो त्याच्यापेक्षा भारत जवळ आहे. बेटं पन्नासहून अधिक, पण सगळ्यांची मिळून जमीन जेमतेम ६० चौरस किलोमीटर, आणि तिच्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या डिएगो गार्सियाचा. उरलेली बेटं पेरोस बान्होस, सालोमन, एग्मॉन्ट अशा कंकणाकृती प्रवाळद्वीपांच्या कडांवर विखुरलेली आहेत. मध्यभागी ग्रेट चागोस बँक नावाचा प्रचंड प्रवाळी उथळा आहे. १२,००० चौरस किलोमीटरहून मोठा, जगातली सगळ्यांत मोठी कंकणाकृती प्रवाळरचना म्हणून ओळखला जाणारा, आणि जवळजवळ पूर्ण पाण्याखाली. त्याच्या काठावरची नेल्सन, ईगल, थ्री ब्रदर्स अशी मोजकीच बेटं वर डोकं काढतात.

इथं पाऊस मुबलक. डिएगो गार्सियावर वर्षाला २,६०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, मराठवाड्याच्या सरासरीच्या तिपटीहून जास्त. पण नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही. जमिनीची उंची बहुतेक ठिकाणी समुद्रापासून एक-दोन मीटर. पावसाचं पाणी सच्छिद्र प्रवाळी मातीत झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. विहीर उथळ खणली तर गोडं पाणी मिळतं. हावरटपणानं उपसा केला की खारं वर येतं. माणसाच्या वस्तीला मर्यादा घालणारी गोष्ट असेल तर ती ही.

ही मर्यादा खरी आहे, पण तिचा अर्थ तिथं वस्ती होऊच शकत नाही असा लावला जातो तेव्हा त्याच डोंगरमाळेच्या उत्तर टोकाकडे पाहावं. लक्षद्वीपची ३६ बेटं मिळून ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे चागोसच्या निम्मी जमीन. त्यांतल्या १० बेटांवर २०११ च्या जनगणनेत ६४,४७३ माणसं होती. तोच खडक, तसंच प्रवाळ, तोच गोड्या पाण्याचा नाजूक थर, तोच नारळ. तिथं प्रशासक आहे, पंचायती आहेत, शाळा आहेत आणि लोकसभेवर निवडून जाणारा खासदार आहे. लक्षद्वीपच्या अडचणी थोड्या नाहीत. पण साठ चौरस किलोमीटरवर काही शे कुटुंबं राहू शकत नाहीत हे म्हणणं त्या एका उदाहरणापुढे टिकत नाही. खुद्द ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या केपीएमजी या सल्लागार संस्थेनं २०१५ साली पुन्हा वस्ती करणं शक्य असल्याचं सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी सरकारनं संरक्षण, सुरक्षा आणि खर्चाचं कारण देऊन ती शक्यता बाजूला सारली.

या बेटांच्या इतिहासात मुंबईचा वाटा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारनं डिएगो गार्सियावर वसाहत करण्यासाठी जहाजं पाठवली. हिंदुस्थानच्या वाटेवरच्या गलबतांना अन्नपाणी मिळावं हा हेतू. आर्चिबाल्ड ब्लेअर या अधिकाऱ्यानं तेव्हा बेटाची मोजणी केली. अंदमानातलं पोर्ट ब्लेअर पुढे त्याच्याच नावानं ओळखलं गेलं. फ्रेंचांनी हरकत घेतली, शेतीतूनही काही हाती लागण्याची चिन्हं दिसेनात, आणि काही महिन्यांतच मुंबईकर परतले. अर्धशतकानं, १८३७ च्या सुमारास, मुंबईच्याच आरमाराचा कॅप्टन रॉबर्ट मोर्सबी यानं साऱ्या चागोसचं सर्वेक्षण केलं. चार्ल्स डार्विननं १८४२ मध्ये प्रवाळद्वीपं कशी घडतात याचा सिद्धान्त मांडला, तेव्हा ग्रेट चागोस बँकेबद्दलची त्याची माहिती मोर्सबीकडूनच आलेली होती. डार्विननं स्वतः ही बेटं पाहिलेली नव्हती.

वस्ती केली ती मात्र फ्रेंचांनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस नारळाच्या बागांसाठी मादागास्कर आणि मोझांबिककडची गुलाम माणसं आणली गेली. १८१४ च्या पॅरिस तहानं मॉरिशस आणि त्याच्या अखत्यारीतली बेटं ब्रिटिशांकडे आली. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, माणसं तिथंच राहिली, आणि पुढे त्यांच्यात काही भारतीय गिरमिटिये मिसळले. पाच-सहा पिढ्यांत त्यांची वेगळी क्रिओल बोली झाली, चर्च झालं, कबरस्तान झालं. खोबरं आणि खोबरेल हाच उद्योग. मॉरिशसमध्ये या बेटांना तेलाची बेटं म्हणत. जगापासून ती किती दूर होती हे १९१४ च्या एका घटनेतून कळतं. मद्रासवर तोफा डागून गेलेली जर्मन युद्धनौका एम्डेन ऑक्टोबरमध्ये डिएगो गार्सियाला कोळसा भरायला थांबली. महायुद्ध सुरू झाल्याची खबर तिथं पोचलीच नव्हती. बेटकऱ्यांनी जर्मनांचा पाहुणचार केला आणि जर्मनांनी त्यांची नादुरुस्त मोटरबोट दुरुस्त करून दिली.

ही वस्ती नाहीशी करण्याचा निर्णय १९६० च्या दशकात लंडन आणि वॉशिंग्टनमध्ये झाला. अमेरिकेला हिंदी महासागराच्या मध्यभागी तळ हवा होता, आणि तळाभोवती तक्रार करणारी, मत मागणारी प्रजा नको होती. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी एका राजाज्ञेनं चागोस मॉरिशसपासून तोडून सेशेल्सच्या तीन बेटगटांसह नवी वसाहत उभी केली गेली. तिचं नाव ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश. मॉरिशसला ३० लाख पौंड देण्यात आले. तो देश स्वतंत्र झाला १२ मार्च १९६८ ला, म्हणजे तोडणी आधी आणि स्वातंत्र्य नंतर. सेशेल्सला त्याचे तीन गट १९७६ मध्ये परत मिळाले. चागोस तेवढं राहिलं. डिसेंबर १९६६ मध्ये अमेरिकेशी पन्नास वर्षांचा करार झाला, वर वीस वर्षांच्या मुदतवाढीची सोय. ती मुदतवाढ २०१६ मध्ये मिळाली.

त्या काळची कागदपत्रं पुढे न्यायालयीन लढ्यांतून बाहेर आली आणि ती वाचताना संताप येतो. समुद्रपक्ष्यांखेरीज तिथं कुणी मूळ रहिवासी राहता कामा नये, असं १९६६ साली ब्रिटिश परराष्ट्र खात्याचा एक वरिष्ठ अधिकारी लिहितो. पिढ्यान् पिढ्या तिथं जन्मलेल्या माणसांना 'कंत्राटी मजूर' ठरवायचं, म्हणजे ते रहिवासी उरत नाहीत आणि संयुक्त राष्ट्रांना उत्तर देण्याची वेळ येत नाही, अशी ती योजना होती. मग ती अंमलात आली. १९६७ मध्ये बागांची कंपनी सरकारनं विकत घेतली. औषधपाण्यासाठी किंवा नातेवाइकांकडे मॉरिशसला गेलेल्यांना परतीचं जहाज नाकारलं जाऊ लागलं. बेटांवर येणारा माल आटत गेला. १९७१ च्या वटहुकमानं परवान्याशिवाय तिथं राहणं गुन्हा ठरवला. त्याच वर्षी डिएगो गार्सिया रिकामं केलं गेलं. बेटकऱ्यांचे पाळीव कुत्रे खोबरं वाळवण्याच्या भट्टीत कोंडून धुरानं मारले. सालोमन १९७२ मध्ये आणि पेरोस बान्होस १९७३ मध्ये मोकळं झालं. दीड ते दोन हजार माणसं मॉरिशस आणि सेशेल्सच्या बंदरांत उतरवली गेली, घर नाही, जमीन नाही, आणि नारळाखेरीज दुसरं काम कधी केलेलं नाही अशा अवस्थेत. मॉरिशस सरकारला १९७३ मध्ये साडेसहा लाख पौंड मिळाले. त्यातलं काही लोकांच्या हाती पडायला आणखी काही वर्षं गेली. १९८२ मध्ये आणखी ४० लाख पौंड आले.

मराठी वाचकानं इथं मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरापाशी थोडं थांबावं. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडची, दक्षिण कोकणातली कुटुंबं मुंबईच्या धक्क्यावरून गिरमिटावर निघाली आणि याच बंदरात उतरली. तिथला आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. त्यांचे वंशज मॉरिशसमध्ये आजही मराठी शिकतात, आणि तिथं गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. त्या मजुरांची नावं, गावं, जहाजं, पुढे छायाचित्रंही नोंदवून ठेवली गेली आणि ती दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपली आहेत. पणजोबा कुठल्या जहाजानं आला हे तिथल्या मराठी माणसाला शोधता येतं. मजुरीचा तो करार पिळवणुकीचाच होता. तरी कागदावर माणूस माणूस म्हणून उतरला होता, आणि त्या नोंदीच्या आधारावर त्याच्या मुलानातवंडांनी नव्या देशात हक्क मागितले. शंभर वर्षांनी त्याच साम्राज्यानं त्याच बंदरात चागोसच्या लोकांना आणून सोडलं, ते त्या बेटांचे कधी नव्हतेच असं लिहून.

आपल्याकडच्या महसुली दप्तरात बेचिराख गाव ही नोंद असते. दुष्काळानं, रोगराईनं किंवा पेंढाऱ्यांच्या धाडींनी उठून गेलेलं गाव, पण त्याचं नाव टिकतं, शिव टिकते, आणि जमीन कुणाची होती हे दप्तर विसरत नाही. चागोसच्या कारभारानं नेमकं उलटं केलं.

आज हा कारभार चालतो तरी कसा? प्रदेशाचा आयुक्त लंडनमध्ये परराष्ट्र खात्यात बसतो. त्याच्या हाताखालचा प्रशासकही तिथलाच. कायदे आयुक्त करतो, त्यासाठी कुठलीही निवडून आलेली सभा नाही. डिएगो गार्सियावर ब्रिटिश नौदलाचा एक अधिकारी आयुक्ताचा प्रतिनिधी म्हणून असतो. तोच तिथं पोलीस, जकात आणि न्यायदंडाची थोडीबहुत कामं पाहून घेतो. प्रदेशाला स्वतःचं सर्वोच्च न्यायालय आहे, स्वतःचा ध्वज आहे, १९६८ पासून टपाल तिकिटं आहेत. संगणक कंपन्या आवडीनं वापरतात तो 'आयओ' हा इंटरनेट पत्ताही या प्रदेशाच्याच नावाचा. राहणारे तीन-चार हजार लोक सगळे कामापुरते आलेले, अमेरिकी सैनिक, मूठभर ब्रिटिश, आणि स्वयंपाकापासून दुरुस्तीपर्यंतची कामं करणारे बरेचसे फिलिपिनो कामगार. कामगारांत फिलिपिन्सचा माणूस चालतो. त्याच बेटावर जन्मलेल्याला मात्र कबरीवर फुलं वाहायला जायचं तरी सरकारनं आखलेल्या भेटीची वाट पाहावी लागते.

नागरिक नसलेल्या प्रदेशाच्या यंत्रणेची परीक्षा ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली. तामिळनाडूतून कॅनडाकडे निघालेली श्रीलंकन तमिळांची होडी अडचणीत आली आणि त्यांना डिएगो गार्सियावर आणलं गेलं. आश्रय मागणाऱ्यांसाठी तिथं ना कायदा होता ना सोय. साठेक माणसं, त्यात लहान मुलंही, कुंपणाआड तंबूंत तीन वर्षं राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांना ब्रिटनला नेलं, आणि त्याच महिन्यात प्रदेशाच्याच सर्वोच्च न्यायालयानं ती स्थानबद्धता बेकायदा ठरवली. बेटावर दादफिर्याद ऐकणारं कुणी नसलं की काय होतं ते या प्रकरणात पुरतं दिसलं.

निसर्गाचा मुद्दा सगळ्यांत अवघड आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंना सत्य आहे. इथला समुद्र खरोखर अपूर्व आहे. शार्क, कासवं, नारळखेकडे, लाखो समुद्रपक्षी. १९९८ आणि २०१५-१६ च्या उष्ण लाटांनी इथलंही प्रवाळ पांढरं पडलं, तरी माणसाच्या मासेमारीचा दाब नसलेला प्रवाळ कसा सावरतो हे शास्त्रज्ञांना इथं पाहता आलं. २०१८ मध्ये 'नेचर' नियतकालिकात आलेला अभ्यास तर प्रत्येक बेटप्रेमीनं लक्षात ठेवावा असा. ज्या बेटांवर जहाजांतून उंदीर आले नाहीत, तिथं समुद्रपक्ष्यांची दाटी उंदीर असलेल्या बेटांच्या ७६० पट आढळली. पक्ष्यांच्या विष्ठेतला नत्र पावसाबरोबर समुद्रात जातो आणि भोवतालच्या प्रवाळावरचे मासेही जोमानं वाढतात.

१ एप्रिल २०१० रोजी ब्रिटननं सुमारे ६,४०,००० चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित जाहीर केला. पुढे उघड झालेल्या एका अमेरिकी राजनैतिक तारेनुसार, संरक्षित क्षेत्र झालं की जुन्या रहिवाशांना परतीचा दावा करणं अवघड जाईल असं ब्रिटिश अधिकाऱ्यानं आधीच्याच वर्षी सांगितलं होतं. डिएगो गार्सियाचा तळ मात्र या संरक्षणातून वगळला गेला. धावपट्टीसाठी आणि बंदरासाठी जिथं प्रवाळ फोडलं गेलं तिथं आजही विमानं उतरतात, आणि पेरोस बान्होसमध्ये दोनशे माणसं राहिली तर निसर्ग बिघडेल असं सांगितलं जातं. हा युक्तिवाद मला मान्य नाही. उंदीर आणले ते बागमालकांच्या जहाजांनी, मूळ झाडी तोडून नारळ लावले ते कंपन्यांनी. बेटकऱ्यांनाच रखवालदार नेमून उंदीर हटवणं, पक्षी मोजणं, चोरटी मासेमारी रोखणं सहज शक्य आहे.

कायद्याची लढाई थोडक्यात अशी. नोव्हेंबर २००० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं हद्दपारी बेकायदा ठरवली. २००४ मध्ये सरकारनं संसदेला वळसा घालून परतीला मनाई करणारी राजाज्ञा काढली, आणि २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं तीन विरुद्ध दोन मतांनी ती उचलून धरली. देशांच्या पातळीवर मॉरिशसची बाजू वरचढ ठरत गेली. २०१५ मध्ये सागरी लवादानं संरक्षित क्षेत्राची घोषणा नियमबाह्य म्हटली. २५ फेब्रुवारी २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानं तेरा विरुद्ध एक असा सल्ला दिला की मॉरिशसची निर्वसाहतीकरणाची प्रक्रिया अपुरी राहिली आहे. मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ११६ विरुद्ध ६ मतांनी तो उचलला. भारत मॉरिशसच्या बाजूनं होता.

२२ मे २०२५ चा करार याच दबावातून आला. सार्वभौमत्व मॉरिशसचं, डिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षं ब्रिटनच्या ताब्यात, त्यासाठी सरासरी वर्षाला १० कोटी १० लाख पौंड, आणि चागोसवासीयांसाठी ४ कोटी पौंडांचा निधी. सहीच्या आदल्या रात्री डिएगो गार्सियात जन्मलेल्या दोन स्त्रियांनी न्यायालयातून तात्पुरती मनाई मिळवली होती, ती सहीच्या दिवशी दुपारी उठली. करार अंमलात येण्यासाठी ब्रिटिश संसदेत कायदा व्हावा लागतो, आणि अमेरिकेच्या अध्यक्षांनी आधी पाठिंबा देऊन जानेवारी २०२६ मध्ये त्याच करारावर जाहीर टीका केली. मोठ्या सत्तांच्या या वाटाघाटींत ज्यांची ती बेटं, ते कुठंच बसलेले नव्हते. त्यांच्यातही एकमत नाही. मॉरिशसमधले काही करारावर समाधानी आहेत, इंग्लंडमधल्या क्रॉली गावात वसलेले अनेक जण मॉरिशसवरही विश्वास ठेवायला तयार नाहीत.

करारात डिएगो गार्सिया सोडून इतर बेटांवर वस्ती करायची मोकळीक मॉरिशसला आहे. ती कधी करायची, किती घरं, कुणाला आधी, याचं बंधन मात्र नाही, आणि माझ्या मते या कराराची खरी उणीव हीच आहे. मॉरिशसजवळ एक नमुना आहे. त्याच्या उत्तरेला हजारेक किलोमीटरवरच्या अगालेगा बेटांवर तीनशेच्या आसपास माणसं राहतात, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये भारताच्या मदतीनं तिथं नवी धावपट्टी आणि धक्का झाला. चागोसच्या सागरी क्षेत्राच्या विकासात आणि टेहळणीतही भारतानं मदत देऊ केली आहे. ती मदत गस्ती नौका आणि रडारपुरती राहू नये. पेरोस बान्होस आणि सालोमनसाठी एक धक्का, पावसाचं पाणी साठवण्याच्या टाक्या, दवाखाना, महिन्यातून ठरलेल्या दिवशी जाणारं जहाज आणि तिथल्या लोकांनी निवडलेली पंचायत एवढ्यापासून सुरुवात करता येईल. लक्षद्वीपमध्ये हे सारं चालवण्याचा दीर्घ अनुभव आपल्या प्रशासनाकडे आहे. बेटांवर जन्मलेल्यांपैकी सगळ्यांत लहान माणसानंही आता पन्नाशी ओलांडली आहे, तेव्हा हे काम नव्याण्णव वर्षांच्या हिशेबानं नाही, येत्या दोन-तीन वर्षांच्या हिशेबानं आखायला हवं.